ओल्या पोटाची टिटवी

लाकडाचे पक्षी करतो म्हटलं की समोरचा माणूस पहिल्यांदा मोराचंच विचारतो. मोर करता का? करतो. सौंसरमध्ये गेल्या पंधरा वर्षांत जितके लोक निवृत्त झाले, त्यातल्या निम्म्यांच्या टीव्हीवर माझा मोर धूळ खात असेल. पिसारा पसरलेला, खाली पाटी, पाटीवर 'सस्नेह भेट'. मोर नको असला तर पोपटांची जोडी. तीही चोचीला चोच लावलेली. लग्नसराईत त्या जोड्या इतक्या करतो की हात आपोआप चालतात आणि डोकं कुठेतरी दुसरीकडेच असतं.

सोमवारी आणि गुरुवारी पांढुर्ण्याच्या दोन शाळांत हस्तकलेचे तास. बुधवारी मोहगाव. मंगळवारी आणि शनिवारी घरी काम करायचं असं ठरवलेलं, पण त्याच दिवशी ऑर्डरवाले येतात. "सर, परवा पाहिजे होतं." यांना सगळं परवाच पाहिजे असतं. शाळेचा तास बदलून एखाद्या शनिवारी पांढुर्ण्याला जावं लागलं तर जामसांवलीच्या हनुमानाच्या भक्तांनी भरलेल्या बसमध्ये पटाश्यांची पिशवी छातीशी धरून उभं राहायचं, नाहीतर कुणाला तरी टोचते आणि मग पांढुर्ण्यापर्यंत शिव्या. रविवारी घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये क्लास. वर्षातून तीन-चार प्रदर्शनं, नागपूर, छिंदवाडा, कधी भोपाळ. बायको म्हणते, तुम्ही पक्षी करता की पक्ष्यांच्या मागे पळता? मी उत्तर देत नाही. मी तसाही कमी बोलतो, आणि लोकांना ते शहाणपण वाटतं. त्या समजाचा मी पुष्कळ फायदा घेतला आहे.

हे सगळं रडगाणं आधी सांगितलं, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यासाठी मी हीच सबब स्वतःला देत आलो. वेळ नव्हता. खरंच नव्हता. पण म्हणून जे केलं ते केलंच.

लाकूड मी संत्र्याचं वापरतो. आमच्याकडे बाग म्हातारी झाली की झाडं तोडतात आणि चुलीसाठी विकतात. खोडं मी मागून आणतो. संत्र्याचं लाकूड पिवळसर, घट्ट, रेषा बारीक. त्यात पिसाची कड निघते तशी सागात निघत नाही. पण ते वाळवावं लागतं. टोकांना ऑइलपेंट फासून सावलीत निदान दीड वर्ष. मी प्रत्येक रविवारी हे शिकवतो. ओल्या लाकडाला हात लावू नका, ते उन्हाळ्यात सूड घेतं. पोरी वहीत लिहून घेतात.

आणखी एक रीत आमच्या शेडमध्ये होती. ती माझ्या वडिलांची. ते तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करायचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं हे बैल सजवून घरोघर नेतात, त्यामुळे श्रावणात आमच्या घरात नुसते बैलच बैल. आई घासायची, चुलते पाय बसवायचे, मी शिंगं. पण डोळे वडीलच काढायचे. दुसऱ्या कुणी काढायचे नाहीत. आणि डोळे काढले की तो बैल वडिलांचा झाला, मग त्याला कुणाचाही हात लागलेला असो. मी क्लास काढला तेव्हा हीच रीत ठेवली. शिकणाऱ्याने पक्षी पूर्ण करायचा, शेवटी दोन काळे मणी मी बसवायचे. पोरांना त्यात मान वाटायचा. मलाही.

क्लासमध्ये एक काका यायचे. माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. जन्मभर नगरपालिकेत नळ सोडायचं काम केलेलं. कोणत्या मोहल्ल्याला किती वाजता पाणी, हे त्यांच्या हातातल्या वॉल्व्हच्या चाकावर अवलंबून. निवृत्त झाल्यावर एका रविवारी शेडच्या दारात येऊन उभे राहिले.

"जय भीम, सर. म्हाताऱ्याले शिकवता का?"

"काका, हे पोरांचं आहे."

"मंग पोरायच्या मागं बसतो ना. फळा दिसला नाई तरी चालते मले, फळ्यावर तुमी काई लिहीत नाई."

पोरं हसली. काका बसले. तीन महिने नुसता कानस चालवला, तक्रार नाही. मग त्यांनी माझ्याकडून वाळलेला ठोकळा मागून घेतला आणि टिटवी करायला घेतली. सहा-सात महिने तेच. इतर पोरं तेवढ्यात चार-चार चिमण्या करून मोकळी झाली.

ती टिटवी मला चुकलेली वाटली. उभी नाही, बसलेली नाही. गुडघे अर्धे वाकलेले, छाती वर, पोट खाली दाबलेलं, एक पंख जरासा सुटलेला.

"काका, ही बसली आहे की उभी आहे?"

"दोनी नाई, सर. पोट भिजवून राहिली."

"म्हणजे?"

"टाकीपाशी वॉल्व्ह गळे ना. डबकं साचे तिथं. ही दुपारच्या उन्हात ये, पोट बुडवे, अन् तशीच ओल्या पोटानं पळे अंड्यायवर बसाले. अंडे तापतेत ना उघड्या जमिनीवर. पुन्हा ये, पुन्हा भिजवे. मी दर उन्हाळ्यात पाह्यलं. साहेब म्हणे गळती बंद कर. म्या म्हणलं, करतो ना, पिल्लं निघू द्या."

"ते ठीक आहे. पण पाहणाऱ्याला वाटेल पाय चुकले. जरा उभी करा."

"उभी केली तं थे टिटवी नाई राहत. मंग थे क्यालेंडरातली टिटवी झाली."

पुन्हा पोरं हसली. मला ते हसणं लागलं, हे आता लिहितो आहे. तेव्हा मी पाठ फिरवली आणि कुणाची तरी पटाशी घासून द्यायला लागलो.

त्याच वर्षी भोपाळच्या एका मोठ्या प्रदर्शनासाठी माझा अर्ज मंजूर झाला. अट अशी की नवीन काम पाहिजे, आधी कुठे दाखवलेलं नको. मी अर्जात 'बगळा' असं लिहून दिलं होतं. करायला बसलो तर घरात वाळलेल्या लाकडाचा मोठा तुकडा नाही. सगळे मोर-पोपटांत गेले. हिवाळ्यात तोडलेलं एक खोड होतं. चार महिन्यांचं. मला ठाऊक होतं. पोरींच्या वह्यांतही लिहिलेलं होतं. तरी मी तेच घेतलं, कारण पुढच्या आठवड्यात शाळांच्या परीक्षा, त्यानंतर लग्नाच्या ऑर्डरी. बगळा चांगला झाला होता. एप्रिलच्या अखेरीस एका दुपारी शेडमध्ये टक् असा आवाज आला. मानेपासून पाठीपर्यंत चीर. करंगळी जाईल एवढी. भोपाळला जायला चार दिवस होते.

काका त्या वेळी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नागपूरला लेकीकडे गेले होते. जाताना टिटवी माझ्या फळीवर ठेवून गेले. "झाली माह्याकडून. डोळे तुमी बसवजा, सर."

मी त्या दिवशी संध्याकाळच्या आतच डोळे बसवले. आणि बसवताना मला ती दिसली. खरी दिसली. पाय चुकलेले नव्हते. माझी नजर चुकलेली होती. मग मी ती उलटी केली आणि खाली माझी खूण कोरली.

स्वतःला काय सांगितलं तेही सांगतो. ठोकळा माझा. पटाशी धरायला मी शिकवलं. डोळे माझे, आणि आमच्यात डोळे ज्याचे त्याचा पक्षी. काकांना कुठे प्रदर्शनात जायचं आहे? याखाली आणखी एक होतं, ते मी इतकी वर्षं तोंडातून काढलं नाही. नळावरचा माणूस, त्यातून त्यांच्या वस्तीतला, भोपाळला त्याला कोण ओळखणार आणि इथे त्याचं कोण ऐकणार, असं मला वाटलं होतं. हे वाटलं नसतं तर मी ती उचलली नसती. गावातल्या एखाद्या वकिलाची टिटवी मी उचलली असती का? नसती.

भोपाळला अर्जातला बगळा खोडून टिटवी लिहिली, आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी विचारलं, "ये कर क्या रही है?" मी सांगितलं. गळणारा वॉल्व्ह, डबकं, अंडी, सगळं. शेवटी म्हणालो, "मैंने बरसों देखा है।" हे मी सहज म्हणालो. अडखळलोही नाही. पक्षी तर नेलाच होता, आता त्या माणसाच्या दुपारीही नेल्या. तिथल्या एका संस्थेने टिटवी आपल्या दालनात कायमची ठेवून घेतली. काचेच्या पेटीत, खाली माझं नाव. मला शाल आणि प्रमाणपत्र.

टिटवी इथे कुणाला दिसायला नको म्हणून गावात फोटो मागितले तर मी बगळ्याचे, चीर पडण्याआधीचे फोटो दाखवले. वार्ताहरालाही तेच दिले.

काका परत आले, डोळ्यांना हिरवा चष्मा. फळीकडे पाहिलं. मी म्हणालो, "काका, मांजरीनं पाडली. चोच गेली, दोन्ही पाय गेले."

"तुकडे?"

"झाडताना गेले कचऱ्यात."

त्यांनी फळीखाली वाकून पाहिलं. "तुकडे तरी ठेवाले पाह्यजे होते, सर."

"दुसरी करा ना. आता तर हात बसला आहे."

"तशी दुसरी नाई होत."

पुढचे दोन-तीन रविवार आले, नुसते बसून पोरांची घासाघास पाहिली, आणि मग यायचे थांबले. मला हायसं वाटलं. तेही लिहून टाकतो.

दोन वर्षं अशीच गेली. आणि मागच्या हिवाळ्यात त्या संस्थेचं पत्र आलं. नवीन इमारतीच्या दर्शनी भागात सहा पक्षी पाहिजेत, सगळे पाण्याकाठचे, सगळे त्या टिटवीसारखे, 'जीवन से उठाए हुए'. असं काम माणसाला आयुष्यात एकदा मिळतं. मी ताबडतोब हो लिहून पाठवलं आणि दुसऱ्या टिटवीपासून सुरुवात केली.

जमेना. एक केली, ती नुसती उकिडवी बसलेली. दुसरी लंगडी वाटली. तिसरीचं पोट मी मध्येच तोडलं. चौथी झाली तेव्हा बायको चहा घेऊन आली, पाहून म्हणाली, "कोंबडी अंडं देऊन राहिली का?" मी तिच्यावर ओरडलो. बिचारीनं खरं तेच सांगितलं होतं. शाळेत पोरांवर ओरडलो. पोपटाची एक जोडी चोचीतच मोडली आणि लग्नघरच्या माणसानं माझ्याच दारात मला सुनावलं.

शेवटी भर दुपारी टाकीवर गेलो, प्रत्यक्ष पाहून घ्यावं म्हणून. तिथे नवीन वॉल्व्ह बसलेला, भोवती सिमेंटचा ओटा, पाण्याचा थेंब नाही. दोन टिटव्या दूर ओरडत होत्या. माझ्यासाठी त्या काही करणार नव्हत्या.

मग काकांच्या घरी गेलो. कबुली द्यायला गेलो असं कुणी समजू नये. टिटवी पोट कसं भिजवते ते विचारायला मी गेलो होतो. चोरी पूर्ण करायला.

काका ओसरीत खाटेवर बसले होते, काकू खाली मेथी निवडत होत्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर. मला पाहून काका उठायला लागले.

"जय भीम, सर. आज रस्ता चुकले का?"

"काका, एक विचारायचं होतं. टिटवी पोट भिजवते तेव्हा शेपटी खाली असते की वर?"

त्यांनी हाताचा पंजा पक्षी केला आणि दाखवला. "शेपटी उचलली राहते. थे भिजू देत नाई. अन् वजन मांगं नाई, पुढं. अशी. तवाच पोट टेकते." पंजा हवेत क्षणभर तसाच ठेवला. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी ते त्याच्याकडे पाहत होते. "टिटवी करून राहिले का तुमी?"

"हो."

"करा, करा. माह्यी तं तुटली."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी शेपटीची माहिती घेऊन घरी गेलो असतो, मी मला ओळखतो.

"तुटली नाही," मी म्हणालो.

काकूंचा हात थांबला. "म्हंजे?"

मी सांगितलं. बगळ्याच्या चिरेपासून पत्रापर्यंत.

मग काका म्हणाले, "म्या तुकडे मांगतले होते."

"हो."

"तवा तुमी मले झाडल्याचं सांगतलं. मांजर बी सांगतली. म्या घरी येऊन हिले सांगतलं का सराच्या घरी मांजर लय माजली."

काकू म्हणाल्या, "इतके मोठे सर तुमी. गावभर मोर वाटता. अन् आमच्या माणसाची एक टिटवी नाई पाहवली, बाप्पा?"

मी मान खाली घातली. माफ करा म्हणालो. काकांनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं. बराच वेळ ते खाटेच्या कडेवर बोटं घासत राहिले, लाकडाची धार पाहतो तशी. मग विचारलं, "कोण काय म्हणलं?"

"कुठे?"

"तिथी. भोपाळले. पाहून लोक काय म्हणले?"

मी सांगायला लागलो. परीक्षक तिच्याभोवती तीनदा फिरले. वनखात्यातला एक माणूस म्हणाला की नोकरीत हे दोनदाच पाहिलं आणि दोन्ही वेळा फोटो काढायला जमलं नाही.

"अजून?"

एका लहान मुलीनं पोटाखाली बोट घातलं, ओलं आहे का पाहायला. आई रागावली तर म्हणाली, "सूख गया।"

काकूंच्या तोंडावर हसू आलं, त्यांनी ते मेथीत लपवलं. "पुन्हा सांगा थे," काका म्हणाले. मी पुन्हा सांगितलं.

"अजून?"

फरशी पुसणारी बाई रोज संध्याकाळी पेटीपाशी जरा थांबायची. म्हणायची, बेचारी को कितनी जल्दी है। हे सगळं मी दोन वर्षं एकट्यानं पुरवून पुरवून वापरलं होतं. शाळेच्या कंटाळवाण्या तासाला, बसमध्ये उभं असताना. एकेक काढून तिथे ठेवत गेलो. शेवटी काही उरलं नाही.

"नाव कोणीच नाई ठेवलं?"

एक म्हातारा कारीगर होता, तोही लाकूडवाला. त्यानं डावा पाय जड झाला आहे असं म्हटलं होतं.

"हाव," काका लगेच म्हणाले. "बरोबर बोलला थो. तिथी गाठ लागली होती, म्या भीत भीत काढली." आणि मग त्यांचा आवाज फुटला. "मले तवाच सांगतलं असतं कोणी, तं म्या दुसरी केली असती, सर. पाय सुधरून. दोन वर्षं झाले. आता बोटं थरथरतेत."

काकूंनी आतून वही आणि पेन आणून माझ्यासमोर आपटलं. "लिहा. आत्ताच. घरी गेले का तुमाले शाळा आठवन."

भोपाळच्या संस्थेला चिठ्ठी हिंदीतच लिहायची होती. मी लिहिलं की ही कलाकृती माझी नाही. मेरे शिष्य ने बनाई है. काकांनी वही डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचली. नगरपालिकेत इतकी वर्षं हिंदी कागद वाचलेले. बोट एका जागी ठेवलं.

"हे काढा."

"काय?"

"शिष्य. शिकलो म्या तुमच्याकडून, नाई म्हणत नाई. पण हे असं लिहलं तं अर्धी पुन्हा तुमचीच झाली."

मी खोडलं. त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, तसं त्यांनी सांगितलं. सहा पक्ष्यांचं काम मला जमणार नाही, हेही लिहिलं. ते कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी क्लासमध्ये सांगितलं. पोरं माझ्याकडे पाहत राहिली. एका मुलीनं आपला अर्धवट कावळा पिशवीत भरला आणि त्यानंतर ती आलीच नाही. आता ज्याचा पक्षी तोच मणी बसवतो. काही तिरपे बसतात. बातमी पांढुर्ण्यालाही पोचली, तिथल्या एका शाळेनं माझे तास बंद केले, कारण दिलं नाही. दुसऱ्या शाळेतले मास्तर मी आलो की चोरांविषयी जरा मोठ्यानं बोलायला लागतात. मोरांच्या ऑर्डरी मात्र तशाच आहेत. मोर घेणाऱ्यांना त्याच्याशी काही देणंघेणं नसतं.

भोपाळहून दीड महिन्यानं उत्तर आलं, काकांच्या नावानं. पाटी बदलू, पण त्याआधी कलाकाराशी बोलायचं आहे, त्यांनी यावं आणि टिटवीची गोष्ट स्वतः सांगावी. काकांनी ते पत्र घेऊन काकूंना माझ्याकडे पाठवलं नाही, स्वतःच आले. शेडच्या आत पाऊल टाकलं नाही, दारातूनच वाचायला दिलं.

मी म्हणालो, "पांढुर्ण्याहून गाडी मिळते. मी येतो सोबत. स्टेशनापासून ते ऑफिस लांब आहे, तुम्हाला सापडणार नाही."

काकांनी पत्राची घडी घातली, खिशात ठेवली.

"तुमी नका येऊ, सर. सापडन मले. तुमी आले तं तिथी पुन्हा तुमीच बोलसान."